मदत हवी आहे: भारी काळ्या मातीत पहिली परसबाग

जळगावला घरामागे 10 बाय 6 फूट जागा आहे, पावसाळ्यात भाजीपाला लावायचाय. माती भारी काळी. ओली झाली की बुटाला चिकटते, वाळली की बोट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि कोवळी मुळं तुटतात. म्हणून 9 इंच उंच गादीवाफा करतोय: दोन भाग माती, एक भाग शेणखत. खत पूर्ण कुजलेलंच घेणार, कच्च्यात हुमणी (मुळं खाणारी अळी) येते. भरताची वांगी दोन-दोन फुटांवर, मिरची दीड फुटावर.

अडलंय ते असं. निचऱ्यासाठी वाळू किती घालावी? थोडी घातली तर माती उलट विटेसारखी घट्ट होते म्हणतात. मग भाताचं तूस बरं का? आणि वांग्याच्या शेंडेअळीला एवढ्याशा जागेत कामगंध सापळा (मादीच्या गंधाने नर पतंग पकडणारा) लावावा, की वाळलेले शेंडे खुडून नष्ट केले तरी भागेल? खान्देशातल्या जाणकारांनी कृपया सांगा.