अनुभव धागा: फोटोच्या कोपऱ्यात आलेली गाडी

घरचे जुने अल्बम स्कॅन करतोय. मुंज, डोहाळजेवण, साखरपुडा, सगळं आहे. पण ज्या गाड्यांवर खाऊचे पैसे उडवले त्यांचा मुद्दाम काढलेला एकही फोटो नाही. साहजिकच आहे म्हणा. आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्याच्या रोलमध्ये फोटो यायचे 12, त्यातला एक भेळवाल्यावर कोण घालवणार?

तरी एक सापडला. गिरगाव चौपाटीवर आत्या नव्या नवऱ्याबरोबर उभी आहे आणि तिच्या कोपरामागे भेळवाला. वेताचं डमरूच्या आकाराचं स्टँड, त्यावर गोल पाटी, मधोमध कुरमुऱ्यांचा ढीग, कडेने चटण्यांची भांडी. आत्या हलल्यामुळे पुसट आलीय. भेळवाला मात्र लख्ख!

तुमच्याकडे असे चुकून आलेले ठेले, हातगाड्या, गोळ्यांच्या बरण्या असतील तर सांगा. फोटो नसला तर नुसती आठवणही चालेल, पण "हल्ली ती मजा नाही" एवढ्यावर थांबू नका.

कराड

पालच्या खंडोबाची यात्रा, पौषातली. फोटोवाल्याच्या तंबूत रंगवलेल्या विमानात आम्ही भाऊ-भाऊ बसलोय. पडदा आखूड पडला, म्हणून शेजारचं दुकान आपसूक फोटोत आलं. गोडीशेवेची रास, रेवड्या, बत्तासे, वर टांगलेली गॅसबत्ती. काळ्या-पांढऱ्या फोटोत एक गोष्ट दिसत नाही: उधळलेला भंडारा त्या शेवेवर बसून ती पिवळी झालेली असायची. झटकायला गेलं की आई म्हणायची, "देवाचं हाय, खा गप."

मालवण

आमच्याकडे जत्रा म्हणजे खाजा. बेसनाच्या तळलेल्या काड्या, आल्याच्या गुळात घोळलेल्या. दशावतार उभा राहीपर्यंत मध्यरात्र उलटायची नि तोवर पुडी संपलेली असायची. फोटो नाही. रात्रीचा फोटो काढणारा आमच्या वाडीत होता कोण?

नाशिक

आमच्याकडे शाळेच्या स्नेहसंमेलनाचा फोटो आहे. फाटकाबाहेरचं दुकान त्यात पूर्ण आलंय: पत्र्याच्या झाकणांच्या काचेच्या बरण्या, लिमलेटच्या गोळ्या, पेपरमिंट, बोरकूट. मागे तारीख लिहिलेली नाही. पण भिंगातून पाहिलं तर पाटीवर "2 न.पै." असं खडूने लिहिलंय. नवे पैसे एप्रिल 1957 मध्ये आले आणि जून 1964 पासून त्यातलं 'नवे' गळालं. म्हणजे फोटो साधारण त्या दरम्यानचा. (पाटी पुसायचा कंटाळा केला असेल तर थोडा नंतरचाही.) पहिल्या रांगेत आमची मोठी बहीण आहे, आणि हा हिशोब तिला अजिबात पटलेला नाही.

ज्यांच्या फोटोत थंड पेयांचे क्रेट दिसतात त्यांनी नावं वाचा. कोका-कोला 1977 मध्ये देशातून गेलं ते थेट 1993 ला परतलं. मधल्या काळातल्या फोटोत गोल्ड स्पॉट नाहीतर थम्स अप सापडेल.

आणि रावळगाव आमच्याच जिल्ह्यातलं, मालेगावजवळ. वालचंद हिराचंदांनी 1933 मध्ये तिथे साखरेचा उद्योग उभारला, गोळ्या त्यानंतरच्या. 2024 मध्ये त्या गोळ्यांचे ब्रँड रिलायन्सकडे गेले, 27 कोटींना. 'पान पसंद' धरून 27 कोटी! मला आकडा कमी वाटला, पण मी पडलो गिऱ्हाईक.

सोलापूर

वर सगळ्यांनी गाडीच्या पुढून लिहिलंय. मी मागून लिहिते. आमच्या अण्णांची गोळ्याची गाडी होती. पहाटे बर्फाच्या कारखान्यावरून लादी आणायची, भुशात घालून वर गोणपाट. उन्हाळ्यात दुपारपर्यंत बरीचशी लादी पाण्यात जायची, आणि ते पाणी म्हणजे आमचेच पैसे. रंग, साखरेचा पाक घरी रात्री व्हायचा. पाकाला माश्या येऊ नयेत म्हणून आम्ही बहिणी पाळीने फडकं हलवत बसायचो. रंध्यावर बर्फ किसून अण्णांच्या उजव्या तळव्याला कायमच्या भेगा होत्या. पावसाळ्यात गोळा बंद, मग त्याच गाडीवर कणसं. अतिक्रमणवाले आले की गाडी पळवायची, सापडली तर दंड भरून सोडवायची. गोळा खाऊन पोरांच्या जिभा जांभळ्या व्हायच्या, आमच्या बोटांचा रंग शाळेतसुद्धा जायचा नाही.

अण्णांचा गाडीबरोबरचा एकही फोटो आमच्याकडे नाही. आहे तो परवान्यासाठी काढलेला, बटणं गळ्यापर्यंत लावलेला. सिद्धेश्वराच्या गड्ड्यात, म्हणजे इथल्या यात्रेत, ते दर वर्षी गाडी लावायचे, थंडीमुळे तिथे शेंगा-फुटाणे. 1975 ते 85 या काळातले गड्ड्याचे फोटो कुणाकडे असतील तर कृपया कडा बघा. गाडीला हिरवी छत्री आणि पुढच्या फळीवर हाताने रंगवलेला मोर होता.

बडोदे

सोलापूरच्या ताई, लोकांना निगेटिव्ह तपासायला सांगा. क्लिक थ्रीची निगेटिव्ह चौकोनी, 6 बाय 6 सेंटिमीटर. मोठी प्रिंट आयताकृती कागदावर काढताना स्टुडिओवाले माणसं मधोमध ठेवून बाकीचं कापायचे. गाडी प्रिंटमध्ये नसेल तरी निगेटिव्हमध्ये असू शकते. स्कॅनर लागत नाही. एका मोबाईलवर पूर्ण पांढरा स्क्रीन लावायचा, त्यापासून बोटभर उंचीवर निगेटिव्ह कडांना धरायची, दुसऱ्या मोबाईलने फोटो काढून रंग उलटे करायचे. माझे सासरे नोकरीला सोलापुरात होते. त्यांचा निगेटिव्हचा डबा माळ्यावर आहे, रविवारी काढतो.