शेड, मांगर, टिनाची खोली: कमी पैशात घराबाहेरचं ऑफिस, तुमचे अनुभव लिहा

लेस्टर, इंग्लंड

2020 च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा घरात दोन लॅपटॉप, दोन पोरं आणि एकच डायनिंग टेबल होतं. नवऱ्याची मीटिंग चालू झाली की मी जिन्यावर बसून फोन घ्यायचे. मागच्या बागेत आधीच्या मालकाची 8 बाय 6 फुटांची लाकडी शेड होती, आत गवत कापायचं मशीन नि रंगाचे वाळलेले डबे. ती रिकामी केली आणि अजून तिथूनच काम करते.

माझी मोठी चूक आधी सांगते. थंडीसाठी भिंतींना आतून इन्सुलेशनचे बोर्ड लावले आणि ते बाहेरच्या फळ्यांना अगदी चिकटवून बसवले, जितकं गच्च तितकं उबदार असं वाटलं. जानेवारीत कुबट वास यायला लागला म्हणून एक बोर्ड काढला तर मागची फळी काळी पडलेली, नख लावलं तर लाकूड ओल्या बिस्किटासारखं निघालं. मग सगळं उचकटून परत केलं. उभा सांगाडा 44 मिलिमीटरचाच, म्हणून 25 मिलिमीटरचा बोर्ड घेतला, मागे हवा खेळायला फट ठेवली, खोलीच्या बाजूने सांध्यांवर फॉइलची टेप मारली म्हणजे आपल्या श्वासाची वाफ भिंतीत शिरत नाही.

वीज मात्र इलेक्ट्रिशियनकडूनच घेतली, जाड आर्मर्ड (वर धातूच्या तारांचं कवच असलेली) केबल, 12 मीटरचा चर आम्ही दोघांनी खणला म्हणून त्याचे 480 पाउंडच झाले. टेबल-खुर्ची सेकंडहँड, सगळं मिळून 1,150 पाउंड. परवानगीचं म्हणाल तर इंग्लंडमध्ये हद्दीपासून 2 मीटरच्या आत शेड असेल तर उंची 2.5 मीटरच्या वर जाऊ द्यायची नाही, बहुतेक घरांना मग बांधकाम परवानगीसाठी प्लॅनिंगला अर्ज करावा लागत नाही, फ्लॅट किंवा लिस्टेड बिल्डिंग (सरकारी यादीतली जतन केलेली इमारत) असेल तर मात्र आधी विचारा.

तुमच्यापैकी कोणी गोठा, परसातली खोली, गच्ची असं काही वापरलंय का? खर्च लिहा आणि काय चुकलं तेही लिहा, त्याचाच जास्त उपयोग होतो.

देवगड

मी 2021 ला मुंबईची भाड्याची खोली सोडून घरी आलो. घरात आजी, आई-बाबा आणि दिवसभर येणारीजाणारी माणसं, त्यामुळे कलमांच्या बागेतला मांगर, म्हणजे सामान ठेवायची खोली, घेतला, घरापासून 60 मीटर. जांभ्याच्या भिंती, वर कौलं, आत आंब्याच्या पेट्या नि पेंढा. आधी कौलं उतरवली, कुजलेले रीप बदलले, खाली ताडपत्री ताणली आणि परत कौलं चढवली, सगळ्यात जास्त पैसे तिथेच गेले, 38 हजारांतले 21 हजार. पण आमच्याकडे जून ते सप्टेंबर वर छप्पर नीट नसेल तर खाली काहीही करून उपयोग नाही.

पहिल्यांदा घरातून बारीक वायर ओढली होती, पंखा हळू फिरायचा, 60 मीटरात व्होल्टेज पडतं. मग 4 स्क्वेअर मिलिमीटरची जाड वायर टाकली आणि अर्थिंग वेगळं केलं, 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारं स्विच) बसवलं. इंटरनेटला कॅट 6 केबल, ती 100 मीटरपर्यंत चालते, झकास चालली. मग मे महिन्यात एक दिवस संध्याकाळी गडगडाट सुरू झाला, आई ओसरीवरनं हाक मारत होती "बाबू, वायरी काढ रे", मी प्लग काढले पण ती नेटची केबल तशीच राहिली. वीज पडली ती मागच्या माडावर, आणि राउटर नि लॅपटॉपचा पोर्ट दोन्ही गेले. आता घर आणि मांगर यांच्या मध्ये फायबर, म्हणजे काचेच्या तंतूची केबल, टाकलीय, दोन टोकांना दोन छोटे कन्व्हर्टर. काचेतून वीज येत नाही. कोकणात कोणी करणार असेल तर पहिल्यांदाच फायबर टाका.

पावसात मॉनिटर रोज तासभर तरी चालू ठेवतो, बंद राहिला की बुरशी धरते. टेबलाचे पाय लादीच्या तुकड्यांवर, लाकडी खांबांना गाडीचं जळकं ऑइल, वाळवीसाठी.

अमरावती

आमच्याकडे उलटं, आम्हाला उन्हाचं पडलंय. मी परसातल्या टिनाच्या खोलीत ऑनलाइन शिकवणी घेते. मे मध्ये पारा 45 वर गेला की टिनाखाली दुपारी बसवत नाही. टिनावर चुन्याचे तीन हात दिले, खालून बांबूचे तट्टे बांधले, मधे वीतभर जागा. चुना दरवर्षी द्यावा लागते पण दोन-अडीचशेतच काम होते. कूलर लावला तेव्हा पहिल्या आठवड्यात वह्यांची पानं वळायला लागली नि अंग चिकचिक, तेव्हा बाबांनी समोरच्या भिंतीत झरोका पाडून दिला. कूलरची हवा एका बाजूनं आली की दुसऱ्या बाजूनं निघाली पाहिजे, नाहीतर नुसता दमटपणा. कूलरचा आवाज पोरांना जायचा म्हणून तोंडाजवळच्या माइकवाला हेडफोन घेतला. सारा खर्च 9 हजार, कूलर घरचाच होता.

गच्चीवरचा अनुभव

माझा थोडक्यात लिहितो. गच्चीवर पत्र्याची केबिन केली, सोसायटीची लेखी संमती होती, पालिकेची परवानगी काढली नव्हती. आठ महिन्यांत नोटीस आली आणि 62 हजारांचं काम स्वतःच्या हाताने उतरवावं लागलं. गच्चीवाल्यांनी कृपया आधी नकाशा आणि परवानगी बघा.

नाशिक

लेस्टरच्या ताईंना दोन प्रश्न. हिवाळ्यात हीटर कुठला वापरता, आणि शेडची जमीन मातीला टेकलेली आहे का? मी सुतारकाम करतो, भिंतीला ओल धरली होती तर खालच्या आडव्या लाकडांना पण धरलीच असणार, ती कोणी बघत नाही.

लेस्टर

दादा, हीटर विजेवरचा, आत तेल भरलेला, 1.5 किलोवॅटचा, भिंतीतल्या सॉकेटवर. सुरुवातीला घरातून एक्स्टेंशनचं रीळ आणून चालवत होतो, अर्धं गुंडाळलेलं, एकदा हात लावला तर रीळ चटका बसेल इतकं तापलेलं, त्याच आठवड्यात इलेक्ट्रिशियनला बोलावलं. रीळ वापरायचंच झालं तर पूर्ण उलगडून वापरा, आणि हीटर त्यावर नकोच.

जमिनीचं मात्र मी कधी बघितलंच नाही हो. शेड जुन्या फरशांवर आहे, पण एका कोपऱ्यात फरशी खचलीय आणि खुर्ची तिकडे सरकते, मला वाटायचं चाकांचा दोष. शनिवारी त्या कोपऱ्यातल्या दोन फळ्या उचकटून बघते आणि फोटो टाकते, तुम्ही सांगा कुठलं लाकूड बदलायचं ते.