फिल्म, मूव्ही की सिनेमा? इंग्रजीत लिहिताना कोणता शब्द घ्यावा?

धागाकर्ता : मी इंग्रजी शिकवतो. गेल्या आठवड्यात एका विद्यार्थिनीच्या निबंधाचं पहिलंच वाक्य होतं, 'यस्टरडे आय सॉ अ सिनेमा.' मी 'सिनेमा' खोडून वर 'फिल्म' लिहिलं. तिनं विचारलं, 'मूव्ही' का नाही? मी तोंड उघडायच्या आत शेजारची म्हणाली, "फिल्म म्हणजे दर्जेदार, मूव्ही म्हणजे टाइमपास."

हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की आता धागा काढावासा वाटला. मला ही प्रतवारी मुळातच चुकीची वाटते. 'सिनेमा'ची चूक वेगळ्या जातीची आहे. मराठीत आपण दोन सिनेमे, चार सिनेमे असं सहज मोजतो. इंग्रजीत 'टू सिनेमाज' म्हटलं की दोन चित्रपटगृहं होतात, आणि न मोजता नुसतं 'फ्रेंच सिनेमा' म्हटलं की ती अख्खी परंपरा. म्हणून एका चित्रपटासाठी तो शब्द चालत नाही. उरले दोन. त्यांतला मुख्य फरक प्रदेशाचा. ब्रिटनमध्ये 'फिल्म' जास्त, अमेरिकेत 'मूव्ही'. 'मूव्हिंग पिक्चर'चं हे लाडकं, आखूड रूप विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत रूढ झालं. पुढे बोलपट आले तेव्हा त्याच साच्यातून 'टॉकी' निघाला. यात हलकेपणा कुठे आला?

प्रतिसाद १ : असहमत. शब्द कुठून आला हे एक आणि आज तो काय वाहून आणतो हे दुसरं. महोत्सव नेहमी 'फिल्म फेस्टिव्हल'च असतो. विद्यापीठात 'फिल्म स्टडीज' शिकवतात. उलट घरच्या मंडळींनी एकत्र बसून काही पाहायचं ठरवलं की ती 'मूव्ही नाइट'. एखाद्या गंभीर माहितीपटाला 'मूव्ही' म्हणून बघा, कानाला लगेच खटकतं. हे खटकणं तुम्ही विद्यार्थ्यांपासून लपवलंत तर त्यांचं नुकसानच होईल.

धागाकर्ता : माहितीपटाचा मुद्दा मान्य, तो माझ्याकडून राहिला. पण बाकीच्या उदाहरणांत औपचारिक-अनौपचारिक एवढाच भेद दिसतो, दर्जाचा नाही. महोत्सवात दाखवलेली रटाळ कलाकृतीही 'फिल्म'च राहते, आणि अमेरिकन माणूस भारावून 'ग्रेट मूव्ही' म्हणतो तेव्हा तो तिला कमी लेखत नसतो. या ठरलेल्या जोड्या आहेत, जोड्या म्हणूनच पाठ कराव्यात.

प्रतिसाद २ : मी बरीच वर्षं प्रोजेक्शन केबिनमध्ये काढली. माझ्यासाठी फिल्म म्हणजे हातात धरता येणारी पट्टी. ३५ मिमीच्या एका फ्रेमला दोन्ही कडांना चार-चार भोकं, सेकंदाला २४ फ्रेम, हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं. अंधारात इमल्शनची, म्हणजे चित्र उमटणाऱ्या थराची, बाजू कुठली हे कळेना, तर पट्टीची कड ओल्या ओठांत धरायची. जी बाजू ओठाला चिकटते ती इमल्शनची. आता हार्ड डिस्कवर फाइल येते. तिला 'फिल्म' म्हणताना माझी जीभ अडते. 'मूव्ही' निदान खरं बोलतो, चित्र हलतंय एवढंच सांगतो. डिजिटल जे काही असेल त्याला सर्वांनी 'मूव्ही'च म्हणावं असं माझं ठाम मत आहे.

प्रतिसाद ३ : ओठांची गोष्ट वाचून अंगावर काटा आला. पण मत पटलं नाही. 'फिल्म' हा शब्द कॅमेऱ्याच्या कितीतरी आधीपासून इंग्रजीत आहे, आणि जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता पातळ पापुद्रा. पट्टीनेही तो उसनाच घेतला होता. मोबाइलवर काढलेल्या दृश्यांना आजही 'फुटेज' म्हणतात, त्यात 'फूट' कुठे उरलाय? शिवाय 'टू फिल्म' हे क्रियापद आहे. 'मूव्ही'ला तसं क्रियापद नाही, 'सिनेमा'लाही नाही. तुमचा नियम पाळला तर चित्रीकरण करणाऱ्याने काय म्हणायचं?

प्रतिसाद २ : 'टू शूट' म्हणावं. फुटेजचा मुद्दा मात्र बिनतोड, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

प्रतिसाद ४ : मी अनुवाद करते. 'पिक्चर' कुणीच कसा घेतला नाही? आपल्या तोंडी तो सगळ्यांत जास्त असतो, आणि घोटाळाही तोच करतो. 'आय सॉ अ पिक्चर' वाचून इंग्रजी वाचकाच्या डोळ्यांसमोर भिंतीवरचं चित्र किंवा फोटो येतो. 'गोइंग टु द पिक्चर्स' हा ब्रिटिश प्रयोग आता जुनाट वाटतो. पण ऑस्करचा सर्वोच्च पुरस्कार 'बेस्ट पिक्चर', कारण तो देणाऱ्या, १९२७ साली स्थापन झालेल्या अमेरिकन अकादमीच्या नावातच 'मोशन पिक्चर' आहे. ब्रिटनच्या बाफ्टा पुरस्कारांमध्ये तोच मान 'बेस्ट फिल्म'ला. यांतल्या कुणीही 'मूव्ही' घेतला नाही, हे धागाकर्त्यांनी लक्षात घ्यावं. मी स्वतः वाचक ब्रिटिश असो वा अमेरिकन, 'फिल्म' वापरते. तो दोन्हीकडे चालतो, आणि एका लेखात एकच शब्द राहतो.

प्रतिसाद १ : हेच म्हणत होतो. मान द्यायची वेळ आली की 'मूव्ही' बाहेर.

धागाकर्ता : औपचारिक नाव औपचारिकच असणार, त्यात 'लाडकं रूप' कसं बसेल? तरी अनुवादासाठी 'फिल्म' सुरक्षित, हे मान्य. पण त्या मुलीनं मैत्रिणीबरोबर काल काय पाहिलं एवढंच लिहिलं होतं. तिथे 'मूव्ही'ही तितकाच योग्य. उद्या तिची वही परत देताना मी 'फिल्म'च्या शेजारी तो लिहून देणार आहे, आणि शेजारचीलाही बोलावून दाखवणार आहे.

प्रतिसाद १ : जरूर द्या. खाली 'फिल्म फेस्टिव्हल' आणि 'डॉक्युमेंटरी फिल्म'ही लिहा. तिथे ती 'मूव्ही' लिहून बसली तर गुण तुम्हीच कापाल.