पिंग का उसळतो? घरचे इंटरनेट आणि ऑनलाइन गेम : सीमाभागातील अनुभव

शहापूर, बेळगाव (धागा सुरू करताना)

आमच्या गल्लीतील मुले रोज संध्याकाळी एकच गाऱ्हाणे घेऊन येतात : योजना १०० एमबीपीएसची आहे, वेगचाचणीत आकडाही तेवढाच दिसतो, मग ऐन चकमकीत खेळाडू जागच्या जागी गोठतो कसा? मी त्यांना सांगत आलो आहे की बहुतेक खेळांना सेकंदाला १ एमबीसुद्धा लागत नाही. निरोप सर्व्हरपर्यंत, म्हणजे खेळ चालवणाऱ्या दूरच्या संगणकापर्यंत, जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागतात (यालाच पिंग म्हणतात), ते दर वेळी सारखे लागतात की कमीजास्त होतात, आणि वाटेत किती निरोप गळतात, यांवर खेळ अवलंबून असतो. या तीन गोष्टी वेगचाचणीच्या मोठ्या आकड्यात दिसत नाहीत. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांत आपण बिघाड नेमका कोठे शोधला आणि तो कसा दूर झाला, ते सविस्तर लिहावे. कंपन्यांची नावे घेऊ नयेत, कारण एका गल्लीत उत्तम चालणारी लाइन शेजारच्या गल्लीत रडते, हे आपण सारेच पाहतो.

जांबोटी, ता. खानापूर

आमचे घर जांभ्या चिऱ्यांचे, भिंती दीड फूट जाडीच्या. वायर पडवीतून आत येते म्हणून राउटर पडवीत, आणि माझा संगणक माजघर ओलांडून मागच्या खोलीत. उन्हाळ्यात खेळ कसाबसा चालत असे. जून लागला की अशक्य होई. दोन पावसाळे मी सगळा दोष बाहेरच्या लाइनला दिला आणि तक्रारीमागून तक्रारी केल्या.

शेवटी दादाने सांगितले की आधी घरातल्या घरात मोज. संगणकाच्या काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) पिंगची आज्ञा देऊन पुढे राउटरचा पत्ता, म्हणजे आमच्याकडे १९२.१६८.१.१, घातला आणि ती थांबवेपर्यंत चालू ठेवली. ओळी सरकू लागल्या : ३, ४, ३, ८६, ५, मग ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’, म्हणजे उत्तरच आले नाही, मग ११२. निरोप अजून घराबाहेरही पडला नव्हता आणि तेवढ्यातच त्याची ही दशा झाली होती. जाड चिरा वायफायच्या लहरी अडवतो आणि पावसाळ्यात ओल धरलेला चिरा त्या अधिकच शोषून घेतो. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान असली तरी भिंतीपुढे २.४ पेक्षा लवकर हात टेकते, म्हणून तो बदल करून काही साधले नाही. अखेर वाश्यांच्या कडेने २५ मीटर कॅट-सिक्स केबल ओढली. अशी केबल १०० मीटरपर्यंत चालते, त्यामुळे मोठ्या वाड्यातही अडचण येऊ नये. आता राउटरपर्यंतचा आकडा भर पावसातही १ वरून हलत नाही.

हिंडलगा

आमच्याकडे फायबर आहे, आणि भिंतीवरच्या डब्यातील ‘लॉस’चा (प्रकाशाचा संकेत तुटल्याचा) तांबडा दिवा अधूनमधून क्षणभर लागून विझत असे. तेवढ्यात खेळातून बाहेर फेकले जायचे, आणि तक्रार नोंदवून माणूस येईपर्यंत सारे हिरवे असायचे. चौथ्या खेपेला आलेल्या लाइनमननी पिशवीतून प्रकाश मोजण्याचे यंत्र काढले, वायरीचे टोक त्यात बसवले आणि कन्नडमध्ये म्हणाले, “पॉवर कम्मी ऐती.” आकडा उणे २९ डीबीएम (प्रकाशाच्या जोराचे माप) होता. घरगुती डब्याला साधारणतः उणे २७ पर्यंतचा प्रकाश वाचता येतो, आणि दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो, हे त्यांनी मला तेथेच समजावले.

मग आम्ही दोघे वायर हाताने चाचपत गच्चीपर्यंत गेलो. गच्चीच्या दाराच्या चौकटीत ती चेपली होती आणि खाली एका खिळ्याभोवती करंगळीएवढ्या वेढ्यात वळवली होती. काचेच्या तंतूला इतके घट्ट वळण दिले की प्रकाश बाहेर निसटतो. त्यांनी तेवढा भाग कापून नवा कनेक्टर बसवला, वायर मोठ्या वळणाने फिरवली आणि आकडा उणे २१ वर आला, म्हणजे सहापटीहून अधिक प्रकाश. त्या गृहस्थांचे काम मला मनापासून आवडले. एक विनंती : तुटलेल्या टोकात डोळा घालून पाहू नये. तो प्रकाश दिसत नाही, परंतु डोळ्याला अपाय करू शकतो.

वडगाव

घराला लागून मागांची शेड आहे. माग सुरू होताना विजेचा दाब क्षणभर खाली जातो, दिवे किंचित मंदावतात, आणि तेवढ्याने राउटर पुन्हा पहिल्यापासून सुरू होत असे. राउटरच्या पानावर तो किती वेळ सलग चालू आहे ते दिसते. तेथे कधी १४ मिनिटे, कधी ४० मिनिटे दिसू लागली तेव्हा कारण सापडले. राउटर आणि फायबरचा डबा दोन्हींना लहान १२ व्होल्टचा यूपीएस लावला. एकालाच लावून उपयोग नसतो.

टिळकवाडी

मी स्वतः खेळत नाही, माझा मुलगा खेळतो, आणि त्याच्या चिडचिडीमुळे मी यात लक्ष घातले. त्रास नेमका संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत होई. आम्ही एक दिवस घड्याळ लावून पाहिले : सात वाजता यजमान घरी येतात, त्यांचा फोन वायफायला जोडला जातो आणि दिवसभरातील फोटो व व्हिडिओ आपोआप वर चढू लागतात. त्यातच दारातील कॅमेराही चित्रण सतत बाहेर पाठवत असतो. आमची लाइन खाली उतरवायला वेगवान असली तरी वर चढवायला तिला मोजकीच वाट आहे. गिरणीत कोणी दहा पोती दळायला टाकली की मागे पायलीभर जोंधळे घेऊन उभा असलेला माणूस ताटकळतो, तसे खेळाचे इवलेसे निरोप त्या फोटोंमागे उभे राहत होते. मुलाने पिंग चालू ठेवला आणि मी फोनवरून एक मोठा व्हिडिओ पाठवला. २८ चा आकडा पाहता पाहता ४०० च्या वर गेला आणि व्हिडिओ थांबवताच पुन्हा २८ वर आला. इतका स्पष्ट पुरावा मी दुसऱ्या कशात पाहिलेला नाही.

आम्ही आधी अधिक वेगाची योजना घेण्याच्या विचारात होतो. त्याऐवजी राउटरमधील रांगेचे नियोजन करणारी सोय सुरू केली आणि तिला मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या ९० टक्के घातली. थोडा वेग सोडावा लागतो, पण रांग आपल्या राउटरच्या ताब्यात राहते आणि लहान निरोपांना आधी वाट मिळते. फोटोंची साठवण रात्री अकरानंतर ठेवली. आता व्हिडिओ जात असतानाही आकडा ३५ च्या आसपास राहतो.

निपाणी

फायबर नसल्यामुळे सिमकार्डाचा राउटर वापरतो. आमचे घर कोगनोळीच्या बाजूला, त्यामुळे राउटर कधी कर्नाटकातील टॉवर धरतो, कधी महाराष्ट्रातील, आणि प्रत्येक उडीला खेळ अडखळतो. राउटर दक्षिणेकडील खिडकीत उंचावर ठेवला आणि सेटिंगमध्ये एकच बँड (लहरींचा पट्टा) पक्का केला, तेव्हापासून उड्या थांबल्या.

चिकोडी

पिंग चांगला असूनही माइनक्राफ्ट या खेळात मी माझ्या संगणकावर चालवत असलेल्या जगात मित्रांना येता येत नव्हते. राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यातील असेल, तर अनेक घरांत मिळून एकच सार्वजनिक पत्ता आहे असे समजावे. मग बाहेरच्यांना आत येण्यासाठी आपण राउटरमध्ये कितीही पोर्ट (दारे) उघडले तरी फुकट. मी मासिक शुल्क भरून स्वतंत्र पत्ता घेतला.

भाग्यनगर, बेळगाव

घरात सारे ठीक असूनही व्हॅलोरंट या खेळाच्या मुंबईच्या सर्व्हरवर मला ४२ चा पिंग मिळे, तर दुसऱ्या लाइनवरील मित्राला १९. ट्रेसर्ट ही निरोपाच्या वाटेतील टप्पे दाखवणारी आज्ञा चालवल्यावर दिसले की माझा निरोप आधी बेंगळुरूला जातो आणि तेथून मुंबईला. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे ५०० किलोमीटर जाऊन येण्यास ५ मिलिसेकंद. बेंगळुरूचा वळसा घेतल्यास त्याच्या तिप्पट, शिवाय वाटेतील यंत्रांचा वेळ वेगळा. हे घरात बसून सुधारत नाही. नवी जोडणी घेण्याआधी शेजाऱ्याच्या घरी जाऊन ट्रेसर्ट पाहावा, एवढेच मी सांगेन.

हुक्केरी

वरील सर्व वाचून आज रात्री केबल लावून मोजले. राउटरपर्यंत सलग १. त्यापुढचा पहिला टप्पा साडेसातपर्यंत ५ ते ७, साडेसातनंतर ६० ते १९०, आणि शंभरातील नऊ निरोप गळालेले. त्या वेळी घरातील इतर सर्व फोन बंद होते. म्हणजे दोष आमच्या भिंतीबाहेरचा आहे. आणखी दोन रात्री मोजून तिन्ही रात्रींचे आकडे वेळेसह वहीत उतरवून सोमवारी लेखी तक्रारीसोबत देणार आहे. अशी तक्रार कोणी आधी दिली असल्यास तिच्यात आणखी काय जोडावे, ते कृपया कळवावे.