मदत हवी आहे: 'हर घर जल'चा ठराव येतोय आणि आमच्या आळीला पाणीच नाही

नमस्कार मंडळी, जरा घाईचं आहे. येत्या ग्रामसभेत गाव 'हर घर जल' झाल्याचा, म्हणजे घरोघरी नळाने पाणी पोचल्याचा, ठराव येणार आहे. ऑनलाइन बघितलं तर १०० टक्के नळजोडणी दिसतेय, आणि ते खोटं नाही, नळ सगळ्यांकडे आहेत, आमच्या वरच्या आळीत त्यावर टॉवेल वाळत घालतात एवढंच.

मी स्वतः मोजलं. २० लिटरचा कॅन आणि मोबाईलचं स्टॉपवॉच, भरायला चार मिनिटं लागली. पाणी दोन दिवसांआड, ते पण जेमतेम चाळीस मिनिटं. म्हणजे एका पाळीला २०० लिटर, त्यात पाच माणसांनी तीन दिवस काढायचे, रोजचे माणशी १३ पडतात. ही नळजोडणी ज्या केंद्राच्या योजनेतून झाली त्या जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर म्हटलंय. खालच्या आळीत मात्र अंगणं धुतात, ते म्हणणार करा की ठराव.

ग्रामसेवकांना (आता म्हणे ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) विचारलं तर म्हणाले, "जोडणी झाली ना, पाण्याचं बघू नंतर." पण खात्याने झालं म्हणणं वेगळं आणि ग्रामसभेने प्रमाणित करणं वेगळं ना? सभेत ठराव वाचून त्याचा व्हिडिओ ऑनलाइन टाकावा लागतो, म्हणजे आपल्या हातात हा एकच कागद आहे, एकदा हात वर केला की मग कुणाकडे रडायचं. तोंडी विरोध केला तर इतिवृत्तात येतो का? आणि मी एकट्याने मोजलेलं कोण धरणार?

प्रतिसाद १:
भाऊ, तोंडी बोललात तर 'चर्चेअंती सर्वानुमते मंजूर' असंच लिहिलं जाईल, अनुभव आहे. आधी लेखी अर्ज द्या, आवक नंबर टाकून पोच घ्या. आणि एका नळाचं नको, वरच्या आळीतली दहा घरं धरा, आठवडाभर तारीख-वेळ टाकून वहीत लिहा. बायकांनाच लिहू द्या, पाणी त्याच भरतात. ग्रामसभेआधी महिला सभा असते, विषय तिथेच काढायला लावा. शाळा-अंगणवाडीचा नळ बघितलात का? तो पण 'हर घर जल'मध्येच येतो.

धागाकर्ता:
अंगणवाडीचं डोक्यातच नव्हतं. आत्ताच जाऊन आलो. भिंतीला तोटी आहे, मागे पाईपच नाही. फोटो काढलाय.