मदत हवी आहे : ८०५१ असेंब्लीमध्ये टायमरवर चालणाऱ्या स्टेट मशीनची अवस्था वेळेआधी बदलते

नमस्कार. नागपूरच्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीतील अभ्यासिकेच्या कूलरसाठी मी एटी८९एस५२ (८०५१ कुटुंबातला मायक्रोकंट्रोलर) वर पंपाचे नियंत्रण असेंब्लीमध्ये (चिपच्या मूळ सूचनांच्या भाषेत) लिहीत आहे. वाळ्याच्या ताट्या २४० सेकंद भिजवणे, मग ३६० सेकंद पंपाला विश्रांती आणि टाकीतले पाणी संपल्यास पंप बंद, अशा तीन अवस्था आहेत; एका अवस्थेतून दुसरीत नेणारा प्रोग्राम म्हणजेच स्टेट मशीन.

क्रिस्टल १२ मेगाहर्ट्झचा आहे. टायमर शून्य मोड १ मध्ये १५५३६ पासून मोजतो, म्हणजे दर ५० मिलिसेकंदांनी इंटरप्ट (चालू काम थांबवून दुसरे छोटे काम करायला लावणारा इशारा) येतो आणि असे २० इंटरप्ट झाले की उरलेल्या सेकंदांचा दोन बाइटचा आकडा एकने कमी होतो. मुख्य लूप तो आकडा वाचून, शून्य आढळल्यास जंप टेबलमधून (प्रत्येक अवस्थेच्या कोडकडे नेणाऱ्या यादीतून) पुढच्या अवस्थेत जातो.

अडचण अशी की विश्रांती क्वचित, पण नेमकी १०५ सेकंदांनीच संपते. त्या वेळी आकडा २५६ वरून २५५ वर येतो; लूपने खालचा बाइट शून्य असताना वाचला आणि वरचा बाइट वाचण्याआधीच इंटरप्ट आला, तर दोन्ही शून्य दिसतात, असा माझा तर्क आहे.

वाचताना ईए बिट (सगळे इंटरप्ट चालू-बंद करणारा बिट) क्षणभर शून्य करावा, की 'वेळ संपली' हा बिट इंटरप्टमध्येच लावणे अधिक भक्कम ठरेल? पहिल्या उपायात इंटरप्ट हरवणार नाही, परंतु मी टायमर हाताने पुन्हा भरत असल्यामुळे प्रत्येक विलंब साचत जाईल, ही काळजी वाटते. त्यासाठी टायमर २ च्या ऑटो-रीलोडकडे (टायमर आपोआप पुन्हा भरण्याच्या सोयीकडे) वळावे का? अनुभवी मंडळींनी कृपया कारणांसह सांगावे.