मदत हवी आहे : सहा माणसे आणि आंब्याच्या पेट्या मावतील अशी गाडी कोणती?

नमस्कार. आम्ही पुण्यात राहणारे सहा जण गणपतीत आणि मे महिन्यात अणुस्कुरा घाटातून राजापूरजवळच्या गावी जातो, आणि परतताना आंब्याच्या चार-पाच पेट्या व तांदळाचे एक पोते (आईच्या आग्रहाखातर नारळही) हमखास सोबत असते. सध्या अर्टिगा आणि वापरलेली इनोव्हा क्रिस्टा यांपैकी कोणती घ्यावी, हे ठरत नाही.

अर्टिगाच्या तिन्ही रांगा उभ्या असताना मागे जेमतेम 209 लिटर जागा उरते आणि सीएनजी घेतल्यास त्याच जागेत टाकी येते. तिसऱ्या रांगेचे अर्धे आसन पाडून शेजारी एकाला बसवावे, तर वळणावर पेट्या त्याच्या अंगावर येण्याची भीती वाटते. क्रिस्टा डिझेलवर चालणारी आणि मागच्या चाकांना ओढ देणारी असल्यामुळे भरलेल्या गाडीने घाट चढताना ती बरी पडेल, परंतु तिच्यात चढताना आईच्या गुडघ्यांना त्रास होईल. टपावर कॅरिअर लावता येईल, पण मेच्या उन्हात आंबे टपावर ठेवणे मला पटत नाही.

यांपैकी कोणत्याही गाडीतून सहा माणसे व सामान घेऊन ज्यांनी घाट ओलांडला आहे, त्यांनी सामान कसे बांधले आणि तिसऱ्या रांगेत मोठ्या माणसाला पाच-सहा तास बसवते का, हे कृपया कळवावे.